एकांकिकेच्या पार्श्वसंगीतासाठी व्हायोलिनच्या समूहासारखा आवाज कोणत्या मोफत सॉफ्टवेअर सिंथमध्ये करता येईल? (पुणे)

सर्ज एक्सटी (Surge XT) हा सिंथ, म्हणजे संगणकावर आवाज घडवणारं सॉफ्टवेअर, घ्या. मोफत आहे, ओपन सोर्स आहे. दोन सॉ-टूथ ऑसिलेटर (करवतीच्या दातांसारख्या लहरीचा मूळ आवाज काढणारे भाग) लावा, एकाचा सूर पाच-सात सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढवा, लो-पास फिल्टरने (खालचे स्वर ठेवून वरचे अडवणारी गाळणी) वरची धार कापा, अटॅक (आवाज पूर्ण चढायला लागणारा वेळ) ३०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा आणि शेवटी कोरस, म्हणजे आवाजाच्या किंचित उशिरा, डुलत्या सुरात येणाऱ्या प्रती मूळ आवाजात मिसळणारा इफेक्ट. खरं काम कोरसच करतो: १९७४ च्या सोलिना स्ट्रिंग एन्सेम्बल या कीबोर्डचा भरलेला आवाजही त्यामुळेच यायचा. मात्र रुंद स्टीरिओ कोरस मोनोत, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र झाला की, पातळ पडू शकतो, तेव्हा भरत नाट्य मंदिरात प्रयोग असेल तर आधी मोनोत ऐकून बघा. आणि एकट्या व्हायोलिनची करुण मींड हवी असेल, तर सिंथच्या नादी लागू नका, वाजवणारा गाठा. पुण्यात तो मिळतो.