आमचे खासदार तिकडे जाऊन करतात तरी काय?

मागच्या एका उत्तरात मी ओघात 'आयपीयू' (इंटर-पार्लमेंटरी युनियन, म्हणजे आंतर-संसदीय संघ, देशोदेशींच्या संसदांची संघटना) असं लिहून गेलो आणि ते काय असतं हे सांगायचंच राहिलं. त्यावर इतके मेल आलेत की आजचं सदर त्यालाच देतोय.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर खासदारांचा फोटो आला होता, जिनिव्हाचा, सगळे सूटबुटात, मागे झेंडे. खाली लिहिलं होतं आंतर-संसदीय संघाची बैठक. ही संस्था कुणी काढली आणि कशासाठी? का नुसतं फिरणं? – एक निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : सर, फिरणं थोडंफार असणारच, ते मी नाकारत नाही. पण सुरुवात ऐका, कारण ही संस्था काढली एका सुताराने. खरंच सुतार. विल्यम रँडल क्रेमर, जन्म 1828 चा, इंग्लंडात हॅम्पशायरमधला, बाप घर सोडून गेलेला, आईने वाढवलं, पोरगं रंधा-करवतीला लागलं आणि पुढे लंडनला आलं, तिथे कामाचे तास कमी करा म्हणून बांधकाम मजुरांचा लढा चालू होता त्यात हा पुढे, मग सुतारांची युनियन, आणि असं करत करत 1885 ला हॅगर्स्टन मतदारसंघातून थेट पार्लमेंटात. डोक्यात एकच किडा, की दोन देशांचं फाटलं तर तोफा काढायच्या आधी लवाद बसवा. आपल्याकडे बांधावरून वाजलं की कोर्टात जायच्या आधी गावातले चार जण बसवतात ना, तेच, फक्त देशांच्या पातळीवर.

1887 ला हा गडी सव्वादोनशेच्या वर ब्रिटिश खासदारांच्या सह्या गोळा करून अमेरिकेला गेला आणि प्रेसिडेंट क्लीव्हलँडच्या हातात तो अर्ज दिला, की आपल्या दोन देशांत लवादाचा करार करू. करार काही लगेच झाला नाही. पण इकडे फ्रान्समध्ये फ्रेडरिक पासी नावाचे अर्थशास्त्री खासदार होते, ते त्यांच्या सभागृहात हेच घोडं दामटत होते, त्यांचं आणि क्रेमरचं सूत जुळलं. 31 ऑक्टोबर 1888 ला पॅरिसच्या एका हॉटेलात दोन्हीकडचे मिळून तीस-पस्तीस खासदार बसले, आणि पुढच्या वर्षी, म्हणजे आयफेल टॉवर नवा कोरा होता आणि पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं होतं तेव्हा, 29 आणि 30 जूनला पहिली परिषद झाली. देश नऊ, माणसं शंभराच्या आत. त्यातले निम्म्याहून जास्त फ्रेंच, उरलेल्यांत बहुतेक इंग्रज, थोडे इटालियन, बाकी एखाद-दुसरा. त्या एखाद-दुसऱ्यात आफ्रिकेतल्या लायबेरियाचाही माणूस होता, हे मला फार आवडतं. यातल्या कुणाला सरकारने पाठवलेलं नव्हतं, सगळे आपापल्या हौसेने आलेले. आता 30 जून हा युनोने संसदीय कामकाजाचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरवलाय, 2018 पासून, तो याच तारखेमुळे.

पुढे 1892 ला स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये ऑफिस थाटलं, काम पाहायला अल्बर्ट गोबा. आता गंमत बघा, शांततेचं नोबेल 1901 ला सुरू झालं, पहिल्या वर्षी पासी (रेडक्रॉसवाल्या द्युनांसोबत विभागून), दुसऱ्या वर्षी गोबा (तेही विभागून), तिसऱ्या वर्षी क्रेमर एकटे. तीन वर्षं सलग एकाच घरात बक्षीस! क्रेमरला साधारण आठ हजार पौंड मिळाले, त्यातले सात हजार त्यांनी आपल्या लवादवाल्या संघटनेला देऊन टाकले. माणूस काही श्रीमंत नव्हता हो.

आणि लवादाचं म्हणाल तर ते हवेत विरलं नाही. 1894 च्या हेगच्या परिषदेत या मंडळींनी कायमच्या लवाद न्यायालयाचा विषय धरला, पुढच्या वर्षी ब्रुसेल्सला त्याचा आराखडा मंजूर केला, आणि 1899 ला हेगच्या शांतता परिषदेत सरकारांनी असं न्यायालय खरोखर स्थापन केलं. ते अजून चालू आहे. भारत-पाकिस्तानचं किशनगंगा प्रकल्पाचं भांडण ज्या लवादापुढे चाललं, त्याचं कामकाज याच हेगच्या न्यायालयाने सांभाळलं.

प्रश्न : सर, मी एमपीएससी करतेय. आयपीयूच्या ठरावांना कायद्याचं वजन असतं का? नसेल तर दोन महायुद्धं झाली तेव्हा हे लोक काय करत होते? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : नाही, वजन शून्य. ठराव होतो, घरी जाऊन आपापल्या संसदेत मांडा म्हणतात, मांडला तर मांडला.

महायुद्धांचं तू बरोबर बोट ठेवलंस. 1914 च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोमला संस्थेच्या पंचवीस वर्षांचा सोहळा व्हायचा होता आणि त्याच महिन्यात युरोप पेटला. ऑफिस तेव्हा ब्रुसेल्सला होतं, तिथे जर्मन सैन्य घुसलं. सरचिटणीस क्रिस्टियन लांगे हे नॉर्वेचे, त्यांनी कारभार उचलून आपल्या गावी नेला, आजचं ऑस्लो, आणि राहत्या घरातून संस्था जिवंत ठेवली. वर्क फ्रॉम होम म्हण हवं तर. युद्ध संपल्यावर ऑफिस जिनिव्हाला गेलं आणि 1921 ला लांगेंनाही नोबेल मिळालं. आणि 1939? ऑगस्टच्या मध्यावर ऑस्लोला परिषद भरली, माणसं घरी पोचून पंधरवडा होतोय न होतोय तोच हिटलर पोलंडमध्ये. त्यानंतरची पुढची परिषद एकदम 1947 ला, कैरोला.

म्हणजे युद्ध थांबवायला हे बिनकामाचे, मान्य. पण एक प्रसंग सांगतो, मग तू ठरव.

1906 चा जुलै, लंडन. परिषद वेस्टमिन्स्टरला. रशियात त्याच वर्षी पहिल्यांदा निवडून आलेली संसद बसली होती, तिचं नाव दूमा, आणि तिचे प्रतिनिधी मोठ्या कौतुकाने लंडनला आलेले, जगाच्या खासदारांत पहिल्यांदाच बसणार. उद्घाटनाच्या दोन दिवस आधी झारने दूमा बरखास्त केली. आता हे कुणाचे प्रतिनिधी? सभागृहच राहिलं नाही. उद्घाटनाचं भाषण ब्रिटनचे पंतप्रधान कॅम्पबेल-बॅनरमन यांचं होतं, फ्रेंचमध्ये, आणि रशियाशी तर ब्रिटनची दोस्ती जमवायची खटपट चाललेली, म्हणजे गप्प बसण्यात शहाणपण होतं. राजा मेला की फ्रेंच लोक 'राजा मेला, राजा चिरायू होवो' अशी ललकारी द्यायचे ना, त्याच चालीवर हे म्हणाले, दूमा मेली, दूमा चिरायू होवो! झारच्या दरबारी हे अर्थातच रुचलं नाही. पण एका देशाच्या पंतप्रधानाने दुसऱ्या देशाच्या नव्या संसदेची बाजू जाहीर घ्यावी, याला जागा कुठे मिळाली, तर याच बिनवजनाच्या परिषदेत. आणि पुढच्याच वर्षी दुसरी दूमा बसली, अर्थात तीही झारने फार दिवस टिकू दिली नाही.

परीक्षेसाठी अजून एक लिहून ठेव. 1976 पासून आयपीयूची एक समिती आहे, खासदारांच्या मानवी हक्कांची. कुठल्या देशात विरोधी पक्षाचा खासदार तुरुंगात टाकला, गायब झाला, मारला गेला, की त्याची केस ही समिती घेते आणि त्या देशाच्या संसदेला वर्षानुवर्षं पत्रं पाठवून भंडावून सोडते. माझ्या मते आजच्या घडीला या संस्थेचं सगळ्यात कामाचं खातं हेच, पण त्याचा फोटो कधी व्हॉट्सअपवर येत नाही.

प्रश्न : संसदेत बायका किती, याचे आकडे पेपरात कायम आयपीयूच्या हवाल्याने येतात. त्यांच्या स्वतःच्या घरात काय परिस्थिती? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, मस्त प्रश्न. आकडे तेच ठेवतात, जगातल्या सगळ्या संसदांची क्रमवारी लावतात, आणि आपण त्यात वर नाही, आताच्या लोकसभेत 543 पैकी 74 बायका निवडून आल्या. घरचा नियम असा, की सलग तीन बैठकांना एखाद्या देशाने फक्त पुरुष पाठवले (किंवा फक्त बायका, पण तसं कोण करतंय) तर त्या देशाची मतं कापतात. संस्थेची पहिली महिला अध्यक्ष मात्र 1999 ला झाली, म्हणजे एकशे दहा वर्षांनी, आणि ती आपल्या राज्यसभेच्या उपसभापती नजमा हेपतुल्ला. त्या तेव्हा महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या खासदार होत्या, हे आपल्याकडे फार कुणाच्या लक्षात नाही.

आता वरच्या उत्तरातल्या माझ्या लाडक्या सुताराची दुसरी बाजूही सांगायला हवी. बायकांना मताचा हक्क द्यायचा ठराव 1906 ला ब्रिटिश सभागृहात आला तेव्हा क्रेमर उठून विरोधात बोलले. त्यांना युद्ध नको होतं, पण मतपेटीपाशी बायकाही नको होत्या.

प्रश्न : आमचे आमदारसाहेब मागे 'संसदीय परिषदेला' परदेशी जाऊन आले, गावात बॅनर लागले. ही तीच परिषद का? – एक दुकानदार, लातूर जिल्हा

उत्तर : नाही. आयपीयूत फक्त देशाच्या संसदा, विधानसभांना तिथे जागा नाही. तुमचे साहेब बहुतेक कॉमनवेल्थ पार्लमेंटरी असोसिएशनच्या, म्हणजे सीपीएच्या कार्यक्रमाला गेले असतील, ती 1911 ची वेगळी संस्था, आधी एम्पायरच्या नावाने, 1948 पासून कॉमनवेल्थच्या, आणि तिची शाखा आपल्या विधिमंडळातही आहे. आयपीयूत भारत 1949 पासून, आपल्या बाजूने सगळं भारतीय संसदीय गट बघतो आणि लोकसभेचे अध्यक्ष हे त्या गटाचे आपोआप अध्यक्ष. पहिले म्हणजे दादासाहेब मावळंकर, घराणं मूळचं संगमेश्वरकडच्या मावळंगे गावचं. दिल्लीत परिषद दोनदा झाली, 1969 ला आणि 1993 ला. दुसऱ्या वेळी यजमान होते तेव्हाचे लोकसभा अध्यक्ष शिवराज पाटील, म्हणजे तुमच्याच लातूरचे. बॅनर तेव्हा लागले होते का, ते तुमच्याकडच्या जुन्या लोकांना विचारा आणि मला कळवा.