पीपीपीचे सरकारी हिशेब: सुरुवात कुठून कराल

पीपीपी, म्हणजे सरकार आणि खासगी कंपनी यांच्या भागीदारीतले प्रकल्प, सरकारी हिशेबात कसे दिसतात, या विषयाकडे तुम्ही वळलात याचा खरंच आनंद झाला. आंतरराष्ट्रीय मानकं, पुढच्या रकमांचं आजचं मोल काढायचे दर (डिस्काउंट रेट) वगैरे तूर्त बाजूला ठेवा. हायब्रीड ॲन्युइटीचा, म्हणजे 'हॅम'चा, एकच महामार्ग प्रकल्प घ्या. (ॲन्युइटी म्हणजे ठरावीक काळाने द्यायचा हप्ता.) तोही रस्ते मंत्रालयाने थेट दिलेला. महामार्ग प्राधिकरणाचे हिशेब वेगळे असतात.

समजा, रस्ता बांधणाऱ्या कंपनीची बोली 1000 कोटींची. बांधकाम चालू असताना सरकार तिला 40 टक्के, म्हणजे 400 कोटी देतं. उरलेले 600 कोटी 15 वर्षांत, सहामाही हप्त्यांनी, वर व्याज. आपले सरकारी हिशेब रोकड पद्धतीचे: तिजोरीतून पैसा गेला की नोंद. त्यामुळे रस्त्यावर गाड्या धावू लागल्या तरी ते 600 कोटी तुटीत एकदम दिसत नाहीत, त्या-त्या वर्षीच्या हप्त्यापुरतेच दिसतात. हे नीट उमगेपर्यंत पुढे जाऊ नका.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- खासगी पैसा आला म्हणजे सरकारवर बोजा नाही, असं धरणं. बोजा पुढच्या वर्षांवर गेलेला असतो.
- टोलचा बीओटी रस्ता (कंपनी बांधते, चालवते, टोल घेते आणि मुदतीनंतर सरकारला देते) आणि हॅम एकाच मापाने मोजणं. बीओटीत वाहतूक घटली तर फटका कंपनीला. हॅममध्ये गाड्या कमी असोत की जास्त, हप्ता चुकत नाही.
- तुटीचा आकडा पाहून थांबणं. केंद्राच्या 'रिसीट बजेट'मध्ये, म्हणजे अर्थसंकल्पाच्या जमेच्या दस्तऐवजात, ॲन्युइटी प्रकल्पांच्या देण्यांचं विवरणपत्र असतं. तेच आधी उघडा.

करार हाती लागला, तर मुदतीआधी तो मोडल्यास सरकारने किती द्यायचं, ते कलम शोधा.