घरातले माणूस गेल्यानंतरची कागदपत्रे

घरी मृत्यू झाला असेल, तर सर्वप्रथम उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घ्या. स्मशानभूमीत ते मागितले जाते आणि ती वेळ त्यासाठी धावपळ करण्याची नसते. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत करावी लागते. रुग्णालयात मृत्यू झाल्यास ही माहिती रुग्णालयच कळवते, तरीही अर्जावरचे नाव स्वतः वाचा. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ एवढा फरकही पुढे बँकेत आणि तलाठ्याकडे हेलपाटे घालायला लावतो, म्हणून आधार कार्ड, पासबुक आणि सातबारा समोर ठेवूनच नाव लिहून द्या. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा-बारा प्रती तेव्हाच घ्या.

गेलेल्या माणसाचे एटीएम कार्ड हाताशी असले, तरी त्याच्या खात्यातून पैसे काढू नका. बँकेला कळवून रीतसर दावा करा. बँक नामनिर्देशित व्यक्तीला (नॉमिनीला) पैसे देते, परंतु केवळ त्यामुळे ती एकटी मालक ठरत नाही आणि इतर वारसांचा हक्क शाबूत राहतो, हे भावंडांनी सुरुवातीलाच मोकळेपणाने बोलून घ्यावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. निवृत्तिवेतन येत असल्यास तेही लगेच कळवा, कारण जास्तीची रक्कम परत द्यावी लागते. मोबाइल क्रमांक बंद करण्याची घाई नको; विम्याच्या हप्त्यांचे संदेश त्यावर येतात आणि घरच्यांना ठाऊक नसलेली पॉलिसी कित्येकदा त्यातूनच समजते.

शेतजमीन असल्यास वारसनोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा.