‘फूल्स कंपनी’ मालिकेचं तिसरं पुस्तक दोघांनी मिळून लिहिलंय आणि वाचून फार निराशा झाली. पुढची पुस्तकं वाचावीत का?

तुम्ही लिहिलंय की पहिली दोन पुस्तकं एका दमात संपवली, तिसरं मात्र अर्ध्यात ठेवून दिलं, आणि आता कळेना की आपलंच मन लागत नाही की पुस्तकच तसं आहे. पुस्तकच तसं आहे. माझंही हुबेहूब असंच झालं होतं. बरीच वर्षं झाली त्याला, पण हळहळ अजून गेलेली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी सेलूचा, परभणी जिल्हा. इंग्रजी विनोदी विज्ञानकथा आमच्या गावात मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पण मावशी हैदराबादेत राहते, आणि तिथं दर रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. 2003 साली तिथल्या एका ढिगात या मालिकेतल्या पहिल्या पुस्तकाच्या कव्हरवर पी-एच-यू-एल-ई ही अक्षरं दिसली. मराठी माणूस ती ‘फुले’ अशीच वाचणार. अंतराळातल्या सैन्याचा कॅप्टन आणि आडनाव फुले, हे बघूनच 20 रुपये काढून दिले. परतीच्या गाडीत पहिली पानं वाचताना उलगडा झाला की उच्चार ‘फूल’ आहे, म्हणजे मूर्ख. सगळी मालिका याच कोटीवर उभी आहे. बापाचा दारूगोळ्याचा कारखाना, त्याचं नाव ‘फूल-प्रूफ’.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रॉबर्ट अ‍ॅस्प्रिननं पहिलं पुस्तक 1990 मध्ये लिहिलं, दुसरं, ‘फूल्स पॅराडाइज’, 1992 मध्ये. विलार्ड फूल हा अब्जाधीशाचा मुलगा अंतराळ फौजेत अधिकारी. युद्ध संपलंय हे ठाऊक नसताना तो तहाच्या सह्या चालू असलेल्या ठिकाणावरच गोळीबाराचा हुकूम देऊन बसतो. शिक्षा म्हणून त्याला बढती देऊन ओमेगा कंपनीवर पाठवतात. कुणालाच नको असलेली माणसं जिथं नेऊन टाकायची, ती ही कंपनी. फौजेतलं त्याचं नाव कॅप्टन जेस्टर. सोबत त्याचा खासगी सेवक बीकर, आणि त्या बीकरच्या रोजनिशीतले उतारे कथेत मधूनमधून येत राहतात.

आता हसू कुठून येतं ते बघा. टस्कनीनी नावाचा रानडुकराच्या चेहऱ्याचा, अवाढव्य देहाचा परग्रहवासी आहे. दिसायला भयंकर, मनानं हळवा, रात्र रात्र वाचत बसणारा. आणि सुपरनॅट नावाची कंपनीतली सगळ्यात ठेंगणी पोरगी, जिचं दिसेल त्याच्याशी भांडण. या दोघांची जोडी जमते. त्यांच्या प्रसंगांत विनोदी म्हणावं असं वाक्य क्वचितच सापडेल, तरी मी गाडीत एकटा हसत होतो. कारण दोघं एकमेकांना सांभाळायला लागतात आणि ते कबूल करायला दोघांनाही जड जातं. ओवाळून टाकलेल्या माणसांत कुणीतरी कामाचं माणूस बघतंय, हा त्या पुस्तकाचा गाभा आहे. कॅप्टन रात्र रात्र झोपत नाही आणि त्याची काळजी बीकर रोजनिशीत अगदी कोरड्या, अदबशीर भाषेत लिहितो. त्या अदबीच्या मागं माया दिसते. म्हणून हसू येतं, आणि हसून झाल्यावर बरं वाटतं.

मला वाचताना हातात पेन्सिल लागते. हसू आलं की समासात बारीक टिक करतो. पहिल्या पुस्तकात अशा 43 टिका आहेत. तिसऱ्यात 6.

तिसरं, ‘अ फूल अँड हिज मनी’, आलं 1999 मध्ये. म्हणजे मध्ये सात वर्षं गेली. कव्हरवर अ‍ॅस्प्रिनच्या जोडीला पीटर हेक हे नाव आलं आणि शेवटच्या पुस्तकापर्यंत राहिलं. हेक काही ऐरागैरा नव्हता. मार्क ट्वेनला नायक करून त्यानं रहस्यकथा लिहिल्या होत्या. तिसऱ्या पुस्तकात सगळं सामान जागच्या जागी आहे. कॅप्टन आहे, बीकर आहे, रोजनिशी आहे, टस्कनीनी आहे. वर नवी भरतीही आहे. मांजरासारखे गॅम्बोल्ट आहेत, एल्व्हिससारखा चेहरा करून घेतलेला धर्मगुरू आहे, लँडूर ग्रहावरच्या मनोरंजन उद्यानांची चढाओढ आहे. कल्पना वाईट नाहीत. पण जुनी माणसं येतात, आपापली ओळखीची लकब करून दाखवतात आणि बाजूला होतात. एकमेकांशी त्यांचं काही घडतच नाही. बीकरची रोजनिशी आता कथानकाचा हिशोब ठेवते, माणसाचा ठेवत नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

सुरुवातीला मीही तेच केलं जे बहुतेक वाचक करतात. चांगलं वाक्य आलं की हे अ‍ॅस्प्रिनचं, पडेल वाक्य आलं की हे हेकचं. हे अन्यायाचं आहे हे नंतर लक्षात आलं. कोणती ओळ कुणाची हे आपल्याला बाहेरून कळूच शकत नाही, आणि सात वर्षांनी मूळ लेखकही तोच राहिलेला असेल असं नाही.

मला हे खरं उमगलं ते आमच्या आजोळी, सप्ताहात. तिथं एक म्हातारे भारूड करायचे. मामांच्या वयाचा एक जण वर्षानुवर्षं त्यांच्या मागं झील धरायचा, त्याला प्रत्येक ओळ पाठ. एका वर्षी म्हाताऱ्यांचा आवाज बसला आणि त्याला पुढं उभं केलं. तेच सोंग, तेच लुगडं, शब्दाला शब्द तोच. मंडपात कुणी हसेना. म्हातारे सासूचं गाऱ्हाणं सांगताना मध्येच थांबायचे. पदर नीट करायचे, बायका बसलेल्या असायच्या तिकडं एकदा बघायचे, आणि कुणीतरी फिसकन हसेपर्यंत पुढचा शब्द काढायचेच नाहीत. हा बिचारा न थांबता म्हणत गेला. आजी माझ्या कानाशी म्हणाली, “समदं तेच म्हनायलाय त्यो, पर हासू कसं येईना?” पुस्तकातही तसंच असतं. पात्रं दुसऱ्याच्या हवाली करता येतात, जग करता येतं, थांबायचं कुठं ते हवाली करता येत नाही. कारण मूळ लेखकानंही ते कधी लिहून ठेवलेलं नसतं.

दुसऱ्याच्या ग्रंथात हात घालण्यावर आपल्या पैठणच्या नाथांनी तर फार कडक बोलून ठेवलंय. 1584 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मधल्या काळात लोकांनी तिच्यात आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या. शेवटी त्यांनी बजावलं की ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. आणि गंमत अशी की त्यांचं स्वतःचं भावार्थ रामायण युद्धकांडाच्या 44व्या अध्यायापाशी थांबलं, आणि परंपरा सांगते की पुढचं त्यांचा शिष्य गावबा यानं पूर्ण केलं. ते लोकांनी डोक्यावर घेतलं, आजही वाचतात. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात यावर मी पुष्कळ विचार केलाय. मला वाटतं, रामकथेचा शेवट ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतो. त्याला ती पूर्ण झालेली हवी असते, चकित व्हायचं नसतं. विनोद मात्र चकित केल्याशिवाय जगतच नाही. म्हणून रामायण शिष्याच्या हातून पार पडलं आणि फूल्स कंपनी दुसऱ्याच्या हातून पार पडली नाही.

अ‍ॅस्प्रिन एकटा यात सापडलाय असंही नाही. हॅरी हॅरिसननं 1965 मध्ये ‘बिल, द गॅलॅक्टिक हीरो’ लिहिलं, सैनिकी शौर्याच्या कथांची धमाल टर उडवणारं. पुढं 1990 ते 1992 या काळात त्याचे भाग वेगवेगळ्या सहलेखकांना घेऊन भराभर निघाले. त्यातल्या एकाचा सहलेखक होता रॉबर्ट शेक्ली, जो विनोदी विज्ञानकथेत स्वतःच उस्ताद. तरी मला ते पुस्तक रेटून संपवावं लागलं. दोन उस्ताद होते, पण दोघांचा ताल वेगळा. उलट टेरी प्रॅचेट आणि नील गेमन या दोन इंग्रज लेखकांनी 1990 मध्ये ‘गुड ओमेन्स’ मिळून लिहिलं ते किती जमलंय. तिथं पहिल्याच पुस्तकात दोघं सोबत होते, तो सूर दोघांच्या मध्येच जन्मला. तिसऱ्या पुस्तकापाशी येऊन बसलेल्या माणसाला तो कुठून सापडणार?

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तिसऱ्याचा उरलेला भाग सोडून दिलात तरी चालेल, मुद्दाम संपवू नका. चौथं, ‘फूल मी ट्वाइस’ (2000), जरूर वाचा. त्यात कंपनी झेनोबियन लोकांच्या ग्रहावर जाते. पहिल्या पुस्तकाच्या शेवटाकडं भेटलेले ते सरड्यासारखे परग्रहवासी तुम्हाला आवडले असतील तर त्यांच्यासाठी म्हणून वाचा, आणि कॅप्टनची हुबेहूब यंत्रप्रतिकृती आहे, तिच्यामुळं दोनतीन प्रसंग मनापासून हसवतात. माझ्या प्रतीत 14 टिका आहेत. 2004 आणि 2006 ची शेवटची दोन मी वाचली ती अ‍ॅस्प्रिनवरच्या प्रेमापोटी. 2008 च्या मे महिन्यात तो गेला, तेव्हा वाटलं की हातचं सगळं वाचून झालं ते बरंच झालं. तुम्ही ती नाही वाचलीत तर काही बिघडत नाही.

त्याऐवजी पहिलं पुन्हा काढा, आणि या वेळी फक्त बीकरची रोजनिशी सलग वाचून बघा, मधली कथा सोडून. एका संध्याकाळचं काम आहे. कॅप्टन कधी झोपला, कधी नाही, यावर त्याचं लक्ष किती बारीक आहे ते पहिल्या वाचनात सुटून जातं. चौथं कुठं मिळालं नाही तर इथंच कळवा. माझी प्रत पोस्टानं पाठवतो, पेन्सिलीच्या खुणा तेवढ्या चालवून घ्या.