डॉकिंग, धडक आणि संधान

प्रश्न असा आला आहे: ‘दोन यानं कक्षेत एकमेकांना जोडली जातात, त्या डॉकिंगला मराठीत ‘गोदीकरण’ म्हणावं का? आणि डॉक म्हणजे मुळात काय?’

गोदीकरण म्हणू नये. आणि डॉक म्हणजे मुळात चिखलातली खाच. दोन्हींकडे वळण्याआधी मनातली मळमळ काढतो, कारण हा प्रश्न वाचताना मला तेच वाक्य आठवलं: ‘यान अंतराळ स्थानकावर धडकले.’ बातम्यांत मोर्चा धडकतो, पाऊस धडकतो, पाहुणासुद्धा धडकतो, म्हणून यानालाही धडकवलं. अहो, यान धडकू नये म्हणून तर सगळा खटाटोप! खरोखर धडकलं ते 25 जून 1997 रोजी. प्रोग्रेस हे मालवाहू यान हाताने चालवून जोडण्याची चाचणी चालू होती. ते रशियाच्या मीर या अंतराळ स्थानकाच्या स्पेक्टर या भागावर आदळलं, भोक पडलं, हवा गळू लागली आणि दारातून गेलेल्या केबल तोडून तो भाग बंद करावा लागला. ‘धडकले’ हे क्रियापद त्या दिवसासाठी राखून ठेवा. 16 जानेवारी 2025 रोजी इस्रोच्या स्पेडेक्स या डॉकिंगच्या प्रयोगातली दोन यानं जोडली गेली तेव्हा त्यांच्या रचनेत गृहीत धरलेला जवळ येण्याचा वेग सेकंदाला साधारण 10 मिलिमीटर होता. मुंगीसुद्धा याहून घाईने चालते.

आता डॉक. शेपटी छाटणं, पगार कापणं हे अर्थ सोडून देतो. न्यायालयातल्या आरोपीच्या पिंजऱ्यालाही इंग्रजीत डॉक म्हणतात, पण तो फ्लेमिश घराण्यातला वेगळा शब्द, आणि गंमत म्हणजे तिथेही त्याचा अर्थ पिंजराच. आपला डॉक जुन्या डचमधून आला. ओहोटीला जहाज चिखलात बसतं आणि आपल्या बुडाच्या आकाराची खाच पाडतं, ती खाच हा त्याचा जुना अर्थ मानतात. मग लोक तशी खाच मुद्दाम खणू लागले, तिला भिंती आल्या, दारं आली. चिखलात रुतण्याचा शब्द जिथे चिखल तर सोडाच, खाली-वरही नाही अशा ठिकाणी जाऊन बसला!

गोदीबद्दल माझं एक मत आहे आणि ते मी सोडणार नाही. गोदी म्हणजे गोद, मांडी. जहाज जिच्यात निवांत बसतं ती. माझे एक कोशप्रेमी मित्र तिला गोदामाची धाकटी बहीण ठरवतात. गोदाम मलाय ‘गुदांग’च्या कुळातलं, माल कोंडण्याची जागा. जहाज काय पोत्यात भरून ठेवतात? केवळ पहिली दोन अक्षरं सारखी म्हणून नातं लावायचं, तर गोदावरीलाही वखार म्हणावं लागेल. आणि गोद मानली की एक सोय होते. स्थानकाकडे येणारी काही यानं स्वतःहून जोडली जात नाहीत. जवळ येऊन थांबतात, स्थानकाचा यांत्रिक हात त्यांना धरतो, अलगद आणून दाराशी टेकवतो, मग 16 बोल्ट आवळले जातात. जपानची मालवाहू एचटीव्ही यानं अशीच घेतली जात. इंग्रजीत याला डॉकिंग म्हणतच नाहीत, बर्थिंग म्हणतात. मूल कडेवर घ्यावं तसं हे काम. त्याला खुशाल ‘गोदीत घेणं’ म्हणा. डॉकिंगला नको, कारण तिथे येणारं यान स्वतः चालत येऊन दार लावून घेतं.

त्याआधीच्या पायरीला, म्हणजे पाठलाग करून दुसऱ्याजवळ पोचण्याला, ‘मीलन’ म्हणणाऱ्यांनी जरा आवरावं. आपल्याकडे ‘गाठ’ आहे. गाठणं म्हणजे मागून येऊन पोचणं, गाठ पडणं म्हणजे भेट होणं, गाठ बसणं म्हणजे पक्कं बांधलं जाणं. डिसेंबर 1965 मध्ये जेमिनी 6 आणि जेमिनी 7 ही माणसं नेणारी अमेरिकी यानं एकमेकांपासून सुमारे 30 सेंटीमीटरवर आली. गाठ पडली, पण बसली नाही, कारण बसवायची यंत्रणाच त्यांच्यावर नव्हती. ती बसली 16 मार्च 1966 रोजी, जेमिनी 8 मधून नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट अजीना या मानवरहित यानाला जाऊन जोडले गेले तेव्हा. (पुढे अर्ध्या तासाच्या आत जोडगोळी गरगरू लागली, जेमिनीचा एक थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारं छोटं इंजिन, चालूच राहिला होता. पण तो विषय वेगळा.)

त्या अजीनाचं पूर्ण नाव पाहा: अजीना टार्गेट व्हेइकल. स्पेडेक्सच्या जोडीतही एक चेसर, म्हणजे पाठलाग करणारं, दुसरं टार्गेट. लक्ष्य! इतकी वर्षं हे लोक आपल्याला शब्द हातात देत आहेत आणि आपण ‘अवकाशात हस्तांदोलन’ लिहीत बसलो आहोत. लक्ष्य आलं की शर आला, शर आला की संधान, आणि डॉकिंगला माझा शब्द तोच. सम् आणि धा, एकत्र ठेवणं. बाण दोरीला नीट जोडणं ते शरसंधान, आणि त्यातूनच नेम धरणं. तुटलेलं हाड जुळवणं ते भग्नसंधान. नेम आणि सांधा हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात इतके घट्ट बसलेले दुसऱ्या कुठल्या भाषेत असतील तर मला कळवा. रशियनमध्ये ‘स्तिकोव्का’, त्यात नुसता सांधा. चिनीत ‘दुइज्ये’, समोरासमोर जोडणं. डॉकिंगचं सगळं अवघडपण मात्र नेमातच आहे. 1971 मध्ये अपोलो 14 च्या मुख्य यानाला चंद्रावर उतरणाऱ्या यानाशी जोडलं जायला सहा प्रयत्न लागले. एका यानाच्या दांड्याचं टोक दुसऱ्यावरच्या शंकूच्या खोबणीत जाई, पण तिथले छोटे खटके धरत नसत.

मित्राचा आक्षेप ठरलेला: ‘संधान बांधणं’ला कटाचा वास येतो, लोक शत्रूशी संधान बांधतात. उत्तम! 17 जुलै 1975 रोजी अपोलो आणि सोयूझ जोडली गेली, तेव्हा शीतयुद्धातल्या दोन प्रतिस्पर्ध्यांनी दुसरं काय केलं? तोवरची यंत्रणा दांडा आणि शंकूची, फिटर लोकांच्या भाषेत नर-मादी. आत जाणारा एक, घेणारा एक. दोघांपैकी कोणीच मादी व्हायला तयार नव्हतं असा किस्सा सांगतात. खरं कारण जास्त व्यवहारी आहे: दोन्ही बाजू सारख्या असल्या तर कोणीही कोणाच्या मदतीला जाऊन जोडू शकतो. सोव्हिएत अभियंते व्लादिमिर सिरोम्यात्निकोव यांच्या त्या रचनेत प्रत्येक कड्याला तीन पाकळ्या होत्या, एकाच्या पाकळ्या दुसऱ्याच्या फटींत बसत. अशा रचनेला ‘उभयलिंगी’ म्हणतात, आणि त्या शब्दावर मी पूर्वी नाक मुरडलं होतं. मागे घेतो. पाकळ्याच आहेत म्हटल्यावर वनस्पतिशास्त्रातला शब्द चुकीचा कसा म्हणू?

‘हार्ड डॉकिंग’चं ‘कठीण डॉकिंग’ करणाऱ्यांना मात्र माफी नाही. कठीण असतं ते पहिलं टोक पकडणं, ज्याला सॉफ्ट म्हणतात! आधी पकड, मग आवळणी, एवढं पुरे. अपोलोत पकड तीन खटक्यांची आणि आवळणी बारा कड्यांची होती. ‘जोडणी’ मला चालली असती, पण ती वीज आणि गॅसवाल्यांनी कायमची नेली. ‘सांधणी’ चालेल, तीही त्याच सम्-धा घरातली, आणि रेल्वेतल्या सांधेवाल्याला ती लगेच कळेल.

गोदीकरणाचं विचारलं होतं ना तुम्ही? ते बंदरवाल्यांना विचारा. त्यांना लागत असेल तर असो.