कोरियन ताट, कार्ल्याची वाट: वाचकांचे प्रश्न

कोरियन हॉटेलात काय मागवायचं, कसं खायचं आणि त्याला एका दिवसाची सहल कशी जोडायची, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

मुलीला सोळाव्या वाढदिवसाला कोरियन हॉटेलातच जायचंय. आम्ही शाकाहारी. मी अंडं खात नाही, सासूबाई कांदा-लसूणही टाळतात. मेनूवरचा हिरवा ठिपका बघून मागवलं तर चालेल ना? (विलेपार्ले)

ठिपका बघा, पण त्यावर विसंबू नका. कोरियन जेवणात मांस दिसतं, मासळी दिसत नाही. खरी अडचण तिथेच आहे.

आधी किमची. समोर दिसतो तो कोबी, मिरची आणि लसूण. पण पारंपरिक किमचीत खारवलेली बारीक कोळंबी किंवा मासळीचा आंबवलेला रस घालतात, आणि तो मुरल्यावर दिसत नाही. दुसरी जागा म्हणजे रस्सा. जिगे नावाचे जे उकळते रस्से येतात, त्यांच्या पाण्यात बहुतेक वेळा सुकी अँकोवी (आपल्या मांदेलीच्या कुळातली मासळी) आणि समुद्री शेवाळ उकळलेलं असतं. टोफूचा रस्सा मागवला म्हणजे शाकाहारी झालं, असं होत नाही. शिवाय सुनदुबू जिगेत, म्हणजे मऊ टोफूच्या रश्शात, वरून कच्चं अंडं फोडायची पद्धत आहे. टोकबोकीतल्या तांदळाच्या कांड्या शाकाहारी असतात, पण सोबतच्या चपट्या घड्या माशाच्या वड्यांच्या असतात आणि सॉसही त्याच मासळीच्या पाण्यात शिजतो. पॅनकेकच्या पिठात अंडं असू शकतं. आयात केलेल्या रामयॉनच्या (कोरियन झटपट नूडल्सच्या) मसाल्यात मांसाचा किंवा मासळीचा अर्क असू शकतो, पाकीट वाचल्याशिवाय कळत नाही.

मग खायचं काय? बिबिंबाप (भाज्या, मांस, अंडं वर रचलेला, ढवळून खायचा भात) मागवा, पण मागवतानाच "अंडं नको, मांस नको, गोचुजांग साधं द्या" असं तीन वेगळ्या वाक्यांत सांगा. गोचुजांग म्हणजे मिरचीपूड, चिकट तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन. ते एरवी शाकाहारीच असतं, पण भातावर घालायचं गोचुजांग काही ठिकाणी खिम्यात परतून ठेवतात. परवडत असेल तर तापलेल्या दगडी वाडग्यातला बिबिंबाप घ्या. तो आल्या आल्या ढवळू नका. दोन मिनिटं थांबलात तर तिळाच्या तेलात तळाला खरपूस खरवड धरते, आणि अर्धी मजा तिच्यात असते. वाडग्याला हात मात्र लावू नका, तो बराच वेळ चटका देतो. जापचे, म्हणजे रताळ्याच्या पिठाच्या पारदर्शक शेवया, भाज्या घालून मागता येतात. त्यांत सोयासॉस, साखर आणि तिळाचं तेल पडतं. किमबाप, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात, अंडं, हॅम आणि माशाच्या वड्या वगळून करून मिळतो.

आदल्या दिवशी दुपारी चार ते सहाच्या मध्ये फोन करा, त्या वेळी स्वयंपाकघर निवांत असतं. तीनच गोष्टी विचारा: मासळीशिवायची किमची आहे का, रश्शाला पाणी कशाचं वापरता, आणि शाकाहारी पदार्थाला तवा वेगळा घेता का. तिसऱ्या प्रश्नावर फोन घेणारा अडखळला तर दुसरं हॉटेल बघा.

सासूबाईंचं अवघड आहे. कोरियातल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य असतो, पण हॉटेलातला स्वयंपाक तो नव्हे. इथे लसूण जवळजवळ सगळ्यात असतो. साधा भात, भाजलेलं समुद्री शेवाळ, वाफवलेला टोफू आणि काकडी एवढ्यावर त्यांची बोळवण होईल. त्यांना घरी जेवून यायला सांगा आणि हॉटेलात गोड खाऊ घाला. आणि संकष्टीचा दिवस तेवढा टाळा.

टेबलावर शेगडी असलेल्या हॉटेलात चौघे गेलो. मांस बाहेरून करपलं, आतून कच्चं राहिलं, जाळीला चिकटलं. आम्ही काय चुकलो? (दादर)

तीन चुका असाव्यात: मसाला लावलेलं मांस आधी टाकलंत, जाळी पुरती तापू दिली नाहीत आणि एकदम सगळं पसरलंत.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी बिनमसाल्याचं मांस, मग मुरवलेलं. बुलगोगी (पातळ कापलेलं मांस) आणि गाल्बीच्या (बरगड्यांचं मांस) मुरवणीत साखर, सोयासॉस आणि पेअर असतं. पेअरमधल्या पाचक रसाने मांस मऊ पडतं, पण साखर जाळीवर पटकन जळते आणि तिचा काळा थर पुढच्या प्रत्येक तुकड्याला कडवटपणा देतो. डुकराच्या पोटाकडचे साधे पट्टे, म्हणजे सामग्योप्साल, आधी घ्या. त्यांची स्वतःची चरबी सुटते आणि जाळीला वंगण मिळतं. मुरवलेल्या मांसाकडे वळताना जाळी बदलून मागा. ती मागायला संकोच करू नका, बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे लागत नाहीत.

जाळीवर पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चुर्र होऊन उडाला पाहिजे. त्याआधी मांस ठेवू नका, गार जाळीलाच ते चिकटतं. एका वेळी जाळीचा दोन-तृतीयांश भागच भरा, नाहीतर तापमान पडतं आणि मांस भाजायच्या ऐवजी स्वतःच्या पाण्यात शिजतं. पट्टा टाकल्यावर सारखा उलटू नका. खालची बाजू सोनेरी झाली आणि जाळीवरून आपोआप सुटली की उलटा, मग कात्रीने घासाएवढे तुकडे करा आणि कापलेल्या बाजूही जाळीला टेकवा. आतला गुलाबी रंग तिथेच जातो. डुकराचं आणि कोंबडीचं मांस आत गुलाबी ठेवू नये. कोंबडीला वेळ जास्त लागतो, म्हणून ती कडेला मंद आचेवर ठेवा. कच्च्या मांसाचा चिमटा आणि शिजलेल्याचा चिमटा वेगळा. दुसरा दिला नसेल तर मागून घ्या.

जाळीऐवजी उतरता तवा असेल तर चरबी खालच्या कडेला वाहते. तिथे किमची आणि लसणाच्या पाकळ्या ठेवा. त्या चरबीत परतलेली किमची आणि वाटीतली किमची यांच्या चवीत फार फरक पडतो.

खायचं असं: लेट्यूसचं पान तळहातावर, त्यावर चमचाभर भात, मांसाचा एक तुकडा, बोटाच्या पेराएवढं सामजांग (आंबवलेल्या सोयाबीनची घट्ट, तिखट चटणी), हवी तर लसणाची चकती. पान मिटून अख्खं एका घासात तोंडात घाला. अर्धं चावलंत की सगळं मांडीवर येतं.

अंदाज: कोरियात मांसाचा एक हिस्सा कच्च्या वजनात साधारण 150 ते 200 ग्रॅमचा धरतात आणि एका प्रकारचे किमान दोन हिस्से घ्यावे लागतात. चौघांना तीन-चार हिस्से मांस, एक जिगे, भाताच्या दोन वाट्या आणि शेवटी एक थंड नूडल्स एवढं पुरतं. मेनूवर बीफ लिहिलेलं असेल तर महाराष्ट्रात ते म्हशीचं असतं. 2015 च्या कायद्याने गाय, बैल आणि वळू यांच्या मांसावर बंदी आहे. म्हशीचं मांस कमी चरबीचं आणि चिवट असतं, म्हणून ते अगदी पातळ कापलेलं असेल तरच मागवा. मुंबईत ते घेण्यापेक्षा डुकराचं किंवा कोंबडीचं बरं, असं आमचं मत.

आणि सिल्कची साडी घालून जाऊ नका. धुराचा वास धुतल्याशिवाय जात नाही.

छोट्या वाट्यांमधल्या भाज्या-लोणची न मागता येतात. त्यांचे पैसे लागतात का? बिलात सेवाशुल्कही लावलं होतं. (बोरिवली)

त्या वाट्यांना बानचान म्हणतात. ते जेवणाच्या किमतीतच धरलेले असतात आणि संपले की पुन्हा भरून देतात. मुंबईत काही ठिकाणी दुसऱ्या भरणीचे पैसे घेतात, म्हणून आधी विचारा. हवं तेवढंच मागा, टाकून देणं कोरियात असभ्य समजतात.

सेवाशुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये ते बिलात आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका कायम ठेवली. शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. साध्या हॉटेलात जेवणावर 5 टक्के जीएसटी लागतो तो मात्र द्यायचाच. सोजूवर, म्हणजे कोरियन दारूवर, जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. सोजू गोडसर लागली तरी तिच्यात मद्याचं प्रमाण साधारण 16 ते 20 टक्के असतं, म्हणजे बियरच्या कितीतरी पुढे. महाराष्ट्रात तिच्यासाठी वय 25 पूर्ण लागतं, कॉलेजच्या मुलांनी हट्ट धरू नये.

धातूच्या काड्या हातातून निसटतात. हाताने खाल्लं तर वाईट दिसेल का? (गिरगाव)

भात आणि रस्सा चमच्यानेच खायचा असतो, काड्या फक्त तुकडे उचलायला. तेव्हा निम्मं काम चमच्याने भागतं. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर स्थिर ठेवा, हलवायची फक्त वरची. टोकापासून दूर, वरच्या तिसऱ्या भागात धरा. पानाचा घास तर हातानेच खातात. एवढंच पाळा: काड्या भातात उभ्या खोचू नका, ते पितरांच्या विधीत करतात. वाटी उचलून तोंडाला लावू नका. आणि टेबलावरच्या वडीलधाऱ्यांनी सुरुवात केल्यावर मगच आपण सुरू करावं.

आमच्या महिला मंडळाला एका दिवसात कार्ले-भाजे आणि पुण्यात कोरियन जेवण, दोन्ही करायचं आहे. रेल्वेने जमेल का? बारा जणी आहोत. (डोंबिवली)

जमेल, पण दोन्ही लेणी आणि जेवण असं तिहेरी नाही. एक लेणं निवडा.

पहाटे 5.40 ला सीएसएमटीहून सुटणारी इंद्रायणी कल्याणला पकडा आणि लोणावळ्याला उतरा. तिथे चहा-वडापाव उरकून पुण्याकडची लोकल घ्या. पुढचंच स्टेशन मळवली. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी खुलतं. बारा जागा सुट्टीच्या दिवसासाठी हव्या असतील तर पहिल्याच आठवड्यात काढा, आणि निघण्याआधी वेळापत्रक एकदा तपासा.

भाजे मळवलीहून चालत अर्ध्या तासावर आहे. पायऱ्या आहेत, पण गर्दी कमी. कार्ले दुसऱ्या दिशेला, महामार्गापलीकडे, तिथे रिक्षा करावी लागते. गुडघे दुखणाऱ्या जणी असतील तर कार्ल्याच्या साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या हिशेबात धरा. दोन्हींत एकच बघायचं असेल तर आमचं मत कार्ल्याला. तिथला चैत्य भारतातला सर्वांत मोठा कोरीव चैत्य आहे, सुमारे 45 मीटर लांब. आत 37 खांब आहेत: दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे सात. छताकडे नीट बघा. दगडी कमानीखाली सागवानी कड्या आहेत, त्या मूळच्या, सुमारे दोन हजार वर्षांच्या. वजन पेलायला त्यांची गरजच नव्हती. लाकडी सभामंडपाची सवय दगडात काम करतानाही सुटली नाही.

चैत्याला लागूनच एकवीरेचं देऊळ आहे. रविवार, नवरात्र आणि चैत्रातली जत्रा टाळा, नाहीतर लेण्याच्या तिकिटापेक्षा पायऱ्यांवरच जास्त वेळ जाईल. मधल्या वारी सकाळी नऊला लेणं उघडताच वर असा. भारतीयांना तिकीट 25 रुपये.

अकराच्या आत मळवली सोडा. दुपारी पुणे-लोणावळा लोकल विरळ होतात आणि तीच गाडी चुकली की जेवणाचा बेत फसतो. हॉटेलं दुपारी तीनच्या सुमारास बंद करतात आणि संध्याकाळी उघडतात. लोकलचा प्रवास सव्वा ते दीड तासाचा. पुण्यात कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, विमाननगर या बाजूला शोधा. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, त्यामुळे नगर रस्त्याच्या या भागात कोरियन गिऱ्हाईक मिळतं आणि चवीत तडजोड कमी असते. बारा जणींसाठी फोनवर तीन टेबलं आणि दीडची वेळ ठरवा. परतीला सहाच्या आसपासची इंटरसिटी किंवा नंतरची इंद्रायणी. घाट लागणाऱ्यांनी तिखट जिगेऐवजी बिबिंबाप घ्यावा.

सोलहून ऑफिसचे पाहुणे येत आहेत. एक दिवस मोकळा, तोही सोमवार. (ठाणे)

घारापुरी सोमवारी बंद असते, राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीही. तेव्हा कार्ल्याला न्या. परदेशी पाहुण्यांना तिथे 300 रुपये तिकीट आहे. जेवायला कोरियन हॉटेलात नेऊ नका, ते घरी रोज तेच खातात. मालवणी मासळीचं ताट चालेल. त्यांना तिखट चालतं, पण आपला गरम मसाला पोटाला नवा असतो, म्हणून सोलकढी जोडीला ठेवा. कार्ड आणि पेला दोन्ही हातांनी द्या.

पुण्याहून किमची पार्सल आणली, लोकलमध्ये डबा फुगून रस सांडला. खराब झाली का? (मुलुंड)

खराब नाही, जिवंत आहे. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आंबवताना वायू सोडतात, आणि मुंबईच्या उकाड्यात हे झपाट्याने होतं. डबा तीन-चतुर्थांशच भरा, मोकळी जागा वायूला लागते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा दोन पिशव्यांत बांधा आणि बर्फाच्या पाकिटाशेजारी ठेवा. तांब्या-पितळेची भांडी वापरू नका, आम्ल धातूला लागतं. घरी आल्यावर झाकण सिंकवर धरून, हळूच सैल करा. मग फ्रिजच्या मागच्या बाजूला ठेवा आणि तुकडे दाबून रसाखाली बुडवा, वर उघडे राहिले तर बुरशी धरते. दोन-तीन आठवड्यांनी फारच आंबट झाली की ती नुसती खाऊ नका. तेलात दहा मिनिटं परता, पाणी आणि टोफू घाला, वीस मिनिटं उकळा. जिगेला ताजीपेक्षा ही जुनीच किमची लागते.