फोन वाजला अन् काळी गेली

प्रश्न: मित्रासोबत पूल टेबलावर एट बॉल खेळत होतो, माझ्या सातही पट्टेवाल्या गोट्या खिशात गेलेल्या, फक्त शेवटची काळी उरलेली. वाकून क्यू, म्हणजे खेळायची काठी, मागे घेतला आणि नेमका त्याचा फोन टेबलाच्या काठावर थरथरायला लागला. काळी गेली पण मागोमाग जिने मारतो ती पांढरीपण, म्हणजे मी हरलो. तो म्हणतो, मी काय मुद्दाम केलं का? मी शॉट परत मागायला हवा होता का?

उत्तर: शॉट परत मागायला हरकत नव्हती, पण लगेच, आता नाही. नियमात समोरच्याला मुद्दाम डिस्टर्ब करणं हे खिलाडूवृत्तीला सोडून वागणं धरतात, इथे मुद्दाम म्हणता येणार नाही. पण फोन काठावर ठेवलाच का? रिंगटोन परवडली, हे व्हायब्रेशन लाकडातून थेट टेकवलेल्या हातात येतं. फोन खिशात सायलेंटवर, किंवा लांब खुर्चीवर. समोरचा वाकला की रील्सचा आवाज बंद, आणि त्याच्या नजरेच्या रेषेत स्क्रीन चमकवत उभं राहायचं नाही. घरचाच फोन असेल तर "दोन मिनिटं हं" म्हणून बाहेर जा, फक्त आपल्या टर्नला गप्पा मारत बसू नका, टेबलाचं मीटर तासावर चालू असतं ना राव. आणि पुढच्या वेळी फोन थरथरला तर सरळ उभे राहा, क्यूच्या टोकाला चॉक लावा, मग परत वाका.